बसलेला वारा

केबायासाठी छातीचं, कमरेचं, दंडाचं माप देण्यात माझं आयुष्य गेलं, पण पोटरीचं माप घ्यायला कुणी येईल असं कधी वाटलं नव्हतं. सुस्तर नानिकनं टेप आधी उजव्या पोटरीला गुंडाळली, मग डावीला, आणि मान तिरकी करून म्हणाली, "भरदार आहेत हो, इबू. मोठ्या मापाचे मोजे लागणार." दुसऱ्या दिवशी माझ्या मणक्याचं ऑपरेशन होतं आणि ही नर्स माझ्या पायांशी खेळत बसली होती. डाव्या पायाला तिचा हात धड कळतही नव्हता. कमरेतली सरकलेली चकती त्या पायाच्या नसेवर चढून बसली होती, आणि लेबारानच्या सणाला पाहुण्यांना निरोप द्यायला उठताना तो पाय जो लुळा पडला, तेव्हापासून मी आडवीच होते. खिडकीजवळच्या खुर्चीत माझी आई, माझी माक, सलाक सोलत होती. त्या फळाची खवल्यांची साल भल्याभल्यांच्या बोटांना टोचते. माक ती नखानं एका झटक्यात काढते. ऐंशी उलटली तरी तिच्या बोटांतली ताकद गेलेली नाही. आमच्या गल्लीत कुणाची मान आखडो, कुणाचं बाळ रडो, कुणाच्या अंगात वारं शिरो, बोलावणं माकलाच येतं.

"आता प्रश्न," सुस्तर नानिक म्हणाली. "कंटाळायचं नाही. सिगारेट? नाही. पायांवर फुगलेल्या निळ्या शिरा?" तिनंच पाहून घेतलं आणि ओठ आवळले. "गोळ्या कुठल्या घेता?" पाळी जाताना अंगाची लाही लाही होई, त्यासाठी दिलेल्या गोळ्या मी अजून घेत होते, ते सांगितलं. वजन मी सांगितलं ते तिनं मानलं नाही. बसून काम होतं का? होतं. बंदराजवळच्या एका कचेरीत मी जन्मभर खुर्चीवर बसून जहाजांच्या मालाची कागदपत्रं तयार केली. "घरात, रक्ताच्या नात्यात, कुणाला पायात रक्ताची गाठ झाली होती? कुणी असं अचानक गेलं होतं?"

"नाही," मी म्हणाले, आणि तेव्हा ते मला खरंच वाटत होतं.

"हिच्या वडिलांना वारा बसला होता," माक सलाकवरची नजर न काढता म्हणाली. "गाठबीठ काही नाही. बसलेला वारा."

"वाऱ्याचा रकाना नाही हो माझ्याकडे, म्बाह," सुस्तर नानिक हसली. माकही हसली. आमच्याकडे सेमारांगमध्ये सगळं वाऱ्यानं होतं. थंडी वाजली तर वारं शिरलं, पोट फुगलं तर वारं अडलं, आणि चालताबोलता माणूस छातीला हात लावून खाली बसला तर वारा बसला. शिरलेलं वारं तेल लावून, जुन्या जाड नाण्याच्या कडेनं पाठ लाल होईस्तोवर खरवडून बाहेर काढता येतं. बसलेला वारा मात्र माणसाला घेऊनच उठतो. मला हे सगळं अडाणीपणाचं वाटे, तरी तापात मीही माकपुढे पाठ उघडी करून बसले आहे.

मग सुस्तर नानिकनं टेपची गुंडाळी खिशात टाकली आणि जाता जाता, पाठ केलेलं म्हणतात तशा एका सुरात सांगितलं, "ऑपरेशननंतर पोटरी सुजली, गरम झाली, आतून ठणकली, तर घंटी वाजवायची. चोळायची नाही. कुणाला चोळू द्यायची नाही. आत रक्ताची गाठ असते, चोळली की सुटते आणि वर फुप्फुसात जाऊन बसते. मग आम्ही धावलो तरी उपयोग नसतो. कळलं ना?" मी मान हलवली. ती गेली. माकनं सोललेलं सलाक माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "खा. गोड आहे." तेवढ्यात माझे वडील येऊन पलंगाच्या पायथ्याशी बसले.

भूतबीत म्हणत नाही मी. दिसले असंही म्हणणार नाही. पण पायथ्याशी गादी दबल्यासारखी वाटली, आणि डाव्या पायात, ज्यात मला काही कळत नव्हतं त्या पायात, ते बसल्याचं कळलं. बापाक बंदरावर साखरेची पोती वाहत. फळीवरून घसरले आणि पाठीवर पडले. सरकारी दवाखान्यात त्यांचा मणका उघडून बांधला आणि घरी पाठवताना बजावलं की हलायचं नाही, पाठ जुळेपर्यंत निपचित पडून राहायचं. तेव्हाचे डॉक्टर तसंच सांगत, आणि बापाक सांगितलेलं ऐकणाऱ्यांतले. आमचं घर खालच्या गावात, समुद्राच्या कुशीत. भरती आली की पाणी दारातून नाही, जमिनीतून वर येतं. फरशीच्या सांध्यांतून आधी ओल, मग थेंब, मग घोटाभर पाणी. बापाकांचा पलंग विटांवर चढवला होता. ते छताकडे बघत पडलेले असत आणि म्हणत, "माझं गलबत झालंय बघ, विदार्ती. नांगर टाकून पडलोय." मला तेव्हा ते गमतीचं वाटे. आता वाटतं, त्यांच्या पायांतलं रक्तही तसंच नांगर टाकून पडलं होतं. पडून राहणं, फुटलेला मणका, लांबलेली शस्त्रक्रिया, उतरत्या वयाचं जड शरीर. सुस्तर नानिकनं मला विचारलेला एकेक प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवत गेले आणि ते पायथ्याशी बसून हो म्हणत गेले. सिगारेट? हो की. लवंगांच्या विड्या, पडल्या पडल्यासुद्धा.

आणि पोटरी. डावी. सुजली होती, मला आठवत होतं. गेली कित्येक वर्षं मला आठवत नव्हतं आणि आता चकाकती, ताणलेली, उजवीच्या दीडपट झालेली ती पोटरी माझ्यासमोर होती. त्या दुपारी पाणी चढलेलं होतं, म्हणून माक पलंगावरच पाय वर घेऊन बसली होती, आणि बापाकांचे पाय तिच्या मांडीवर होते. मी टेबलावर मांडी घालून सुमात्राचा नकाशा काढत होते. खोलीभर कायुपुतीच्या तेलाचा तो वास, नाकातून थेट डोक्यात जाणारा. माक टाचेकडून गुडघ्याकडे दाब देत होती, लांब, जोरकस, एकाच लयीत. बापाक मुकादमाची नक्कल करत होते. तो मुकादम बोलताना आधी खोकायचा. बापाक खोकले, माक हसली, मी हसले. ते परत खोकले. ती नक्कल नव्हती हे कळायला आम्हाला थोडा वेळ लागला. त्यांचं तोंड उघडंच राहिलं, हवा मिळत नसल्यासारखं, आणि डोळ्यांत भीती नव्हती, नवल होतं. गल्लीतली माणसं पाणी तुडवत आली आणि त्यांनी एकमुखानं सांगितलं, वारा बसला.

माकला त्या दुपारीनं तारलं आहे. हे बाहेरच्याला सांगून पटणार नाही. दर वर्षी त्यांच्या नावानं शेजाऱ्यांना जेवायला घालतो तेव्हा भाताचा पिवळा ढीग मध्ये ठेवून माक तीच गोष्ट सांगते. "माझ्या मांडीवर पाय ठेवून गेले. हसत गेले. अंगातलं सगळं दुखणं मी चोळून काढलं होतं, काही म्हणून सोबत घेऊन गेले नाहीत." बायका डोळे पुसतात. भाऊ शिकला, मी नोकरीला लागले, घराची जमीन पाण्याच्या भयानं इतक्यांदा उंच केली की छत डोक्याला लागायला आलं, आणि या सगळ्यात माक त्या एका गोष्टीला धरून उभी राहिली. नवरा आपल्या हातात सुखानं गेला. त्या हातांनीच तिनं पुढे सगळ्या गल्लीची अंगं चोळली. आणि आता एका पाठ केलेल्या वाक्यानं मला सांगितलं होतं की ते त्या हातांनीच गेले. मी सलाक तोंडात टाकलं. आंबट, गोड, कोरडं. बी जिभेवर घोळवत राहिले, थुंकायचं सुचेना.

संध्याकाळी डॉक्टर प्रस्तोवो आले. तरुण, उत्साही, मोठ्या आवाजाचे. आमच्याकडचे लोक कुजबुजत बोलतात, हे बहुतेक परदेशात शिकून आल्यामुळे असे. माकच्या हातावर वाकून कपाळ टेकवलं तेव्हा मात्र घरचे वाटले. मग माझ्याकडे वळले. "इबू विदार्ती, खरं सांगायचं तर तुमच्या बाबतीत माझी थोडी पंचाईत आहे. वय आहे, वजन आहे, गोळ्या आहेत, पाय लुळा आहे, इतके आठवडे पडून आहात, आणि ऑपरेशन लांबणार आहे. गाठ व्हायला हे पुरेसं. रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलं की तो धोका कमी होतो. पण नुकत्याच उघडलेल्या मणक्याजवळ रक्त झिरपून साचलं, तर आतल्या नसा दबतील. दुसराही पाय जाईल कदाचित. म्हणून मी ते सरसकट देत नाही. पायांना हवेच्या पिशव्या लावू, त्या दाबत राहतील. घराण्यात कुणाला गाठ झाली असती, तर मी इंजेक्शन दिलंच असतं. तसं काही नाही म्हणालात ना?"

माकनं हातातला रुमाल घडी केला आणि परत उलगडला.

"नाही," मी म्हणाले.

या वेळी ते खोटं होतं. कशासाठी बोलले? भिडेपोटी. आमच्याकडे भीड ही दुखण्यापेक्षा मोठी. पाहुण्याला उठ म्हणता येत नाही, वाढलेलं नको म्हणता येत नाही, आणि आईसमोर, ती रुमालाच्या घड्या घालत असताना, तू माझ्या वडिलांना मारलंस असं तर अजिबात म्हणता येत नाही. पण डॉक्टर गेल्यावर मी घाबरले. मला मरायचं नव्हतं. मुलीला दिवस गेले होते, बांडुंगला तिच्याकडे जायचं ठरलेलं होतं. मरायचं नव्हतं आणि सांगायचंही नव्हतं, आणि या दोन्हींमध्ये मी पाठीवर पडले होते, बापाकांसारखीच, छताकडे बघत. माझ्या रक्तात त्यांचं किती आहे? नाक त्यांचं आहे, पायांची बोटं त्यांची. रक्त साकळायची सवयही त्यांनी ठेवली असेल माझ्यासाठी, दुसरं काही ठेवलं नव्हतं. पायथ्याशी ते बसलेलेच होते. तुम्हीच सांगा ना तिला, मी मनात म्हटलं. जिवंतपणीही अवघड बोलायची वेळ आली की ते विडी पेटवत.

सकाळी मला ढकलत नेलं तेव्हा माक पलंगाबरोबर चालत राहिली, आणि मोठ्या दरवाजापाशी तिला थांबवलं तेव्हा तिनं माझा घोटा धरला. "परत आलीस की पाय चोळून देईन," ती म्हणाली. "तेल आणलंय." दरवाजा मिटला. आत गारठा होता, हिरवी माणसं होती. तोंड झाकलेले डॉक्टर प्रस्तोवो माझ्यावर वाकले आणि त्या क्षणी, माकचा हात घोट्यावरून सुटल्या सुटल्या, मी भडाभडा बोलून गेले. बापाकांची पाठ, डावी पोटरी, चोळणं, खोकला, सगळं. "इंजेक्शन द्या मला," म्हणाले. "पण माझ्या आईला हे कळू देऊ नका. तिच्या कानावर जाता कामा नये." त्यांचे फक्त डोळे दिसत होते. त्यांनी मान लववली. "इंग्गिह, इबू," ते म्हणाले. मला इतकं हलकं वाटलं की झोपेचं औषध चढण्याआधीच मी डोळे मिटले. खरं तर मला कळायला हवं होतं. जन्म गेला या गावात. इंग्गिह हा आदरानं दिलेला होकार. म्हणजे ऐकलं, एवढंच. केलं असं त्यात कुठेच नसतं. मी स्वतः तो शब्द साहेबांपुढे हजारदा याच अर्थानं वापरला आहे. पण गरज असते तेव्हा माणूस दुसऱ्याच्या इंग्गिहवर विश्वास ठेवतो.

शुद्धीवर आले तेव्हा पाठीत आग होती आणि पाय कुणीतरी चेपत होतं. बापाक, मी म्हटलं. मग दिसलं, दोन्ही पोटऱ्यांवर पिशव्या बांधल्या होत्या आणि पलंगाला अडकवलेलं यंत्र त्यांत हवा भरत होतं. सुस्कारा टाकून आधी डावी पोटरी आवळे, धरून ठेवी, सोडून देई. मग उजवी. सोडली की जरा वेळ शांतता, आणि त्या शांततेत मी पुढच्या दाबाची वाट बघत राही. पोटात इंजेक्शनं सुरू झाली होती. टोचलेल्या जागी निळे डाग पडले. सुस्तर नानिकला ते दाखवताना मी जवळजवळ खुशीत होते. डाव्या अंगठ्यात मुंग्या यायला लागल्या होत्या. मी जगणार होते आणि माक काही न कळता घरी जाणार होती. दोन्ही साधलं असं मला वाटत होतं, आणि पायथ्याशीही आता कुणी नव्हतं.

माक रोज येई, डब्यात भाताची पेज घेऊन. पिशव्यांकडे बघे आणि पेज भरवू लागे. एक दिवस ती जरा लवकर आली आणि पिशवीतून तेलाची बाटली काढून तिनं हातावर तेल घेतलं. तळवे एकमेकांवर चोळले. तो वास खोलीत पसरला. "आज नको, माक," मी म्हणाले. "टाके ओढतात." ती म्हणाली, "टाके पाठीला आहेत. मी पायाला लावतेय." नेमके त्याच वेळी डॉक्टर प्रस्तोवो आत आले, मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन, आणि त्यांनी ते तेलकट हात पाहिले.

"म्बाह, म्बाह, पाय नाही हं," ते मोठ्यानं, लाडानं म्हणाले, आजीला रागावतात तसं. "हात चोळा, डोकं चोळा, माझं चोळून दिलंत तरी चालेल. पण हिचे पाय नाही. घराण्यात गाठ आहे ना. म्बाह काकुंगना तशीच झाली होती, चोळताना सुटली. तीच चूक परत कशाला?" शिकाऊ पोरांपैकी कुणीतरी मान डोलावली. डॉक्टरांना आपण काय केलं हे कळलंही नाही. त्यांनी माझा अंगठा हलवून पाहिला, शाबासकी दिली आणि सगळे निघून गेले.

"इंग्गिह," माक बंद दाराकडे बघून म्हणाली.

यंत्रानं सुस्कारा टाकला, डावी पोटरी आवळली, सोडली. मी काय बोलावं ते शोधत होते. डॉक्टर भलत्याच पेशंटबद्दल बोलले म्हणावं. काकुंग म्हणजे आजोबा, दुसऱ्या कुणाचे आजोबा. माक खुर्चीत बसली होती, तेलानं चकाकणारे हात उताणे मांडीवर ठेवून. नेसलेल्या सारोंगला तेल लागेल याचीही तिला पर्वा नव्हती.

"मग हे काय करतंय?" तिनं यंत्राकडे हनुवटी उडवली. "हेही चेपतंयच की."

"गाठ व्हायच्या आधी चेपलं तर होत नाही, माक. रक्त फिरत राहतं. झाल्यावर चेपलं तर..."

"म्हणजे आधी चेपलं असतं तर चाललं असतं?"

"कदाचित."

"दवाखान्यात असताना तुझ्या बापाकांनी मला म्हटलं होतं, पाय चेप," माक म्हणाली. "मी म्हटलं, परक्या माणसांसमोर कशी चेपू? लाज वाटली. घरी गेल्यावर चेपते म्हटलं." तिनं हात जरा उचलले, परत ठेवले. "ती हाताला लागते का, गाठ?"

"नाही," मी घाईनं म्हणाले. "अगदी आत असते. कुणालाच लागत नाही. डॉक्टरांनाही यंत्र लावूनच कळते. तुला कसं कळणार? कुणालाच कळलं नसतं."

"मला लागली होती," माक म्हणाली. "सलाकच्या बीएवढी. चोळून चोळून बोटाखाली आली. मला वाटलं, वाऱ्याची गाठ, हीच त्यांना उठू देत नाही. मग मी सगळा जोर तिच्यावरच लावला. आणि ती सुटली." ती माझ्याकडे बघत नव्हती. "इतका आनंद झाला मला. त्यांना म्हटलं, गेली बघा. म्हणून हसले ते."

मला वाटत होतं ते मुकादमामुळे हसले. इतकी वर्षं मी त्या हसण्याचा एक अर्थ लावून बसले होते आणि माक दुसरा. मला रडू आलं, पाठीतले टाके ताणेपर्यंत आलं. काहीतरी करून ते हात मला परत हवे होते. जगातले तेवढेच हात माझ्या अंगाला ओळखत होते.

"माक, डोकं ठणकतंय," मी म्हणाले. "जरा चेपून दे."

ती उठली. उशाशी आली. तिचे हात माझ्या कपाळावर आले, इतके जवळ की कायुपुतीच्या वासानं माझे डोळे चुरचुरले, आणि तिथेच थांबले. मी वाट पाहिली. यंत्रानं उजवी पोटरी दाबली, सोडली, मग डावी.

"आधी डॉक्टरांना विचार," माक म्हणाली. "तिथं काही नाही ना, ते विचारून घे."